किडनी पाण्याने धुतली जाते का? पाणी, मीठ आणि पायांवरची सूज

निपाणीजवळच्या आपल्या गावातून आपण विचारलेला प्रश्न, मला समजला तसा, आधी मांडतो. आपले वडील ६१ वर्षांचे आहेत, ऊस आणि तंबाखूची शेती करतात आणि बरीच वर्षे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. अलीकडे संध्याकाळी त्यांच्या पायांवर सूज येऊ लागली. तपासणीत क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचे एक टाकाऊ द्रव्य) १.८ आले आणि लघवीत प्रथिने 'दोन प्लस' निघाली. शेजाऱ्यांना मुतखडा असल्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितले होते. ते ऐकून वडिलांनीही किडनी धुऊन निघावी म्हणून रोज पाच लिटरपर्यंत पाणी प्यायला सुरुवात केली. आता त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांनी पाणी दीड लिटरवर आणायला आणि मीठ कमी करायला सांगितले असून वर लघवी वाढवणारी गोळीही दिली आहे. पाणी कमी करायचे आणि लघवी मात्र वाढवायची, हे परस्परविरुद्ध नाही का, आणि दोघा डॉक्टरांपैकी बरोबर कोण, असे आपण विचारले आहे.

दोघेही बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या आजारांविषयी बोलत आहेत. आपल्या प्रश्नामागचा खरा प्रश्न असा आहे की शरीरात पाणी किती राहावे हे ठरवतो कोण: आपण पितो ते पाणी, की आणखी काही? बेळगावात मूत्रपिंडाच्या रुग्णांवर उपचार करताना हा गैरसमज मला इतक्या वेळा भेटतो की त्याचे उत्तर जरा सविस्तरच द्यावे असे वाटते. मात्र आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही. त्यांच्या हृदयाची ताकद, रक्तातील अल्ब्युमिन (एक प्रथिन), सोडियम आणि पोटॅशियम यांचे आकडे आपण दिलेले नाहीत, आणि सूज किडनीमुळे आहे, हृदयामुळे आहे, यकृतामुळे आहे की रक्तदाबाच्या एखाद्या गोळीमुळे (अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात), हे त्यावरच ठरते. म्हणून पुढचे वाचून गोळ्यांच्या मात्रेत स्वतःहून बदल करू नये.

किडनी पाण्याने धुतली जाते ही कल्पना अडाणीपणाची आहे असे मी म्हणणार नाही. १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी किडनीतील केशिकांच्या, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या, गुच्छांभोवतीच्या आवरणाचे वर्णन केले, तेव्हा त्यांचेही मत जवळपास असेच होते: गुच्छातून पाणी सुटते आणि नलिकांच्या भिंतींतून पाझरलेली टाकाऊ द्रव्ये ते धुऊन नेते. त्याच वर्षी जर्मनीत मारबुर्ग येथे कार्ल लुडविग यांनी उलट मत मांडले. रक्तदाबाच्या जोरावर गुच्छातून रक्तातील पाणी आणि त्यात विरघळलेले सर्व काही गाळले जाते, आणि पुढे नलिकेत त्यातील बहुतांश भाग परत रक्तात घेतला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. या वादाचा निकाल लागायला १९२४ साल उजाडावे लागले. फिलाडेल्फियात वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या एकाच गुच्छात अतिसूक्ष्म काचनळी घालून तेथील द्रव खेचून घेतला, तर त्यात साखर आणि क्लोराइड सापडले. त्याच बेडकाच्या मूत्राशयातील लघवीत मात्र ते नव्हते. म्हणजे ते आधी गाळले गेले आणि वाटेत परत घेतले गेले. लुडविग यांचे अनुमान खरे ठरले, आणि आपल्या वडिलांच्या औषधांमागचा सगळा विचार याच शोधावर उभा आहे.

आता आकडे पाहू, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पटत नाही. दोन्ही किडन्यांचे मिळून वजन पाव किलोच्या आसपास असते. पण विश्रांतीच्या वेळी हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या सुमारे ५ लिटर रक्तापैकी १ लिटरहून अधिक रक्त त्यांच्यात जाते. प्रत्येक किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणारी सूक्ष्म एकके, असतात, आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशिकांचा एक गुच्छ असतो. त्या केशिकांची भिंत तीन थरांची असते. पाणी, मीठ, साखर, युरिया आणि क्रिएटिनिन तिच्यातून सहज जातात, रक्तपेशी अजिबात जात नाहीत, आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिने आकारामुळे आणि त्यांच्यावरील ऋण विद्युतभारामुळे जवळजवळ पूर्णपणे अडवली जातात. निरोगी तरुण माणसात असे मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर पाणी गाळले जाते. शरीरातील रक्तद्रव (पेशी वगळता रक्ताचा पातळ भाग) जेमतेम ३ लिटर असतो, म्हणजे तो दिवसातून सुमारे साठ वेळा गाळून निघतो. लघवी मात्र होते दीड-दोन लिटर.

आपल्याकडे दसरा काढताना घरातले सगळे सामान अंगणात आणतात, हवे ते पुसून परत आत नेतात आणि नको ते बाहेरच ठेवतात. किडनी हेच करते, फक्त वर्षातून एकदा करण्याऐवजी दर २४ मिनिटांनी करते. टाकाऊ पदार्थ एकेक ओळखून बाहेर काढण्यापेक्षा सगळेच बाहेर काढून हवे तेवढे परत घ्यायचे, या पद्धतीत एखादे अनोळखी विषारी द्रव्य शरीरात शिरले तरी ते कोणी ओळखून परत आत घेतले नाही की आपोआप बाहेर राहते.

या सगळ्यात मिठाचा आकडा सर्वांत चकित करणारा आहे. रोज गाळल्या जाणाऱ्या १८० लिटर पाण्यात जवळपास दीड किलो मीठ असते. आपण दिवसाला दहा ग्रॅम खात असलो, तर किडनीला त्या दीड किलोतले दहा ग्रॅमच बाहेर सोडायचे असतात आणि उरलेले सर्व परत घ्यायचे असते. आता आपल्या वडिलांचा हिशेब करा. ६१ वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनिन १.८ म्हणजे गाळण्याचा वेग मिनिटाला साधारण ४२ मिलिलिटर. तो निम्म्याहून खूप कमी झाला, हे खरे. पण तरीही दिवसाला सुमारे ६० लिटर पाणी आणि त्यासोबत अर्धा किलो मीठ त्यांच्या किडन्या आजही गाळत आहेत. म्हणजे मीठ गाळलेच जात नाही म्हणून सूज आली असे नाही. गाळलेल्यातले परत किती घ्यायचे, हा निर्णय नलिकेत चुकीच्या बाजूला झुकला आहे.

जास्त पाणी प्यायल्याने गाळण्याचा वेग वाढत नाही. तो गुच्छातील दाबावर अवलंबून असतो, आणि रक्तदाब बराच वरखाली झाला तरी गुच्छाच्या अलीकडची रक्तवाहिनी आकसून किंवा सैल होऊन तो दाब सांभाळते. पाच लिटर पाण्याने दिवसभरात बाहेर पडणारे क्रिएटिनिन तेवढेच राहते, फक्त जास्त पाण्यात विरघळलेले. कॅनडात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत किडनीच्या दीर्घ आजाराच्या रुग्णांना वर्षभर अधिक पाणी प्यायला प्रवृत्त केले गेले, पण किडनीची घसरण त्यामुळे मंदावल्याचे दिसले नाही. मुतखड्याचे गणित वेगळे आहे. तेथे लघवीतील क्षार दाट झाले की खडे धरतात, म्हणून लघवी पातळ ठेवणे हाच उपचार असतो, आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्याचा सल्ला अगदी योग्य आहे. शेजाऱ्यांनी आपले पाणी चालू ठेवावे.

आता मूळ मुद्दा. शरीरात पाण्याचा हिशेब आणि मिठाचा हिशेब वेगवेगळ्या यंत्रणा ठेवतात, आणि रुग्णांचा बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. रक्त किती दाट आहे हे मेंदूतील हायपोथॅलॅमस पाहतो. दाटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक सुटते, ज्यामुळे किडनी शेवटच्या टप्प्यात पाणी परत घेते आणि लघवी गडद होते. दाटपणा कमी झाला की ते संप्रेरक थांबते आणि पाणी पातळ लघवीच्या रूपाने निघून जाते. साधे पाणी जास्त प्यायले तर निरोगी माणसाला सूज येत नाही ती यामुळेच. मिठाचा हिशेब मेंदू ठेवत नाही. तो मुख्यतः रक्तवाहिन्या किती भरलेल्या आहेत यावरून ठेवला जातो. भरणा कमी वाटला की किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, त्याच्या सांगण्यावरून अ‍ॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते, आणि नलिका मीठ परत घेऊ लागते. भरणा जास्त झाला की हृदयाच्या कप्प्यांतून मीठ बाहेर सोडायला लावणारे संप्रेरक सुटते.

शरीरात अडकलेले मीठ तसेच पडून राहत नाही. सलाइनची बाटली आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यातील पाणी रक्ताइतकेच दाट असावे म्हणून एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. तोच नियम शरीरात उलटा चालतो: ९ ग्रॅम मीठ अडकले की दाटपणा सांभाळण्यासाठी सुमारे एक लिटर पाणी त्याच्याबरोबर थांबते, आणि वजन एक किलोने वाढते. ते पाणी कोठून आणायचे याची काळजी तहान घेते. म्हणून सुजलेल्या माणसाचे फक्त पाणी तोडले आणि ताटातले मीठ तसेच ठेवले, तर तो दिवसभर तहानेने व्याकूळ होतो, घरच्यांशी भांडतो आणि शेवटी पाणी पितोच. मी आधी मिठावर बोलतो आणि नंतर पाण्यावर, ते याच कारणाने. मीठ खरोखर कमी झाले की तहान आपोआप उतरते, आणि पुष्कळ रुग्णांना पाणी मोजण्याची गरजच उरत नाही.

लघवीच्या गोळीचे कोडे आता सुटेल. नलिकेच्या पहिल्या भागात गाळलेल्या मिठाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, आणि जवळपास सगळी साखर परत घेतली जाते. पुढे नलिका खाली जाऊन परत वर वळते, त्या 'हेन्लेच्या वळणा'च्या जाड भागात आणखी सुमारे पंचवीस टक्के मीठ परत जाते, त्यापुढे पाच टक्क्यांच्या आसपास, आणि अगदी शेवटी अल्डोस्टेरॉनच्या हुकमाखाली उरलेसुरले. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड हेन्लेच्या वळणावर मिठाची वाट अडवतात, थायझाइड गटातल्या गोळ्या त्यापुढच्या टप्प्यावर आणि स्पायरोनोलॅक्टोन शेवटच्या. या गोळ्यांचे काम मीठ बाहेर काढणे हे आहे, आणि लघवी त्या मिठाच्या मागोमाग येते. तेव्हा डॉक्टरांचे दोन्ही सल्ले एकाच दिशेचे आहेत: साठलेले मीठ गोळीने बाहेर काढायचे, आणि नवीन मीठ व त्यासोबतचे पाणी आत येऊ द्यायचे नाही. गोळीचा परिणाम काही तासांत ओसरतो, आणि त्यानंतर किडनी उरलेल्या वेळात मिळेल तेवढे मीठ हावरेपणाने परत घेते. त्या वेळात ताटात लोणचे असेल तर सकाळी गमावलेले सगळे रात्रीपर्यंत भरून निघते. 'गोळी लागू पडत नाही' असे सांगत येणाऱ्या रुग्णांची मात्रा वाढवण्याआधी मी २४ तासांची लघवी गोळा करायला सांगून तिच्यातील सोडियम मोजतो. सुमारे १०० मिलिमोल सोडियम म्हणजे साधारण ६ ग्रॅम मीठ. गोळीची मात्रा आणि वजन काही दिवस स्थिर असले, तर लघवीत निघालेले मीठ हेच खाल्लेले मीठ असते. 'आम्ही मीठ खातच नाही' या वाक्याची परीक्षा या चाचणीत होते, आणि रुग्ण खोटे बोलत नसतात. त्यांनी फक्त वरून घेतलेले मीठ मोजलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मिठाची आहे. त्यात भाकरीच्या पिठातले, आमटीतले, भातातले सगळे आले. आपल्या भागात मीठ लपते ते तोंडीलावण्यात: खर्डा, शेंगदाण्याची चटणी, सांडगी मिरची, पापड, लोणचे, मीठ घातलेले ताक आणि सायंकाळचे भडंग किंवा फरसाण. खानापूरच्या बाजूला सुकी मासळी असतेच. जेवण पूर्ण अळणी करून ते कोणी फार दिवस पाळत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा भाकरी आणि भात बिनमिठाचे करावेत, आमटी-भाजीत नेहमीच्या निम्मे मीठ घालावे, चव लिंबू, लसूण आणि कोथिंबिरीवर सांभाळावी, आणि लोणचे-पापड ताटातून काढावेत. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सैंधव मिठाने मात्र काही साधत नाही, कारण तेही सोडियम क्लोराइडच आहे. आणि बाजारात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ आपल्या वडिलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. कमजोर किडनी पोटॅशियम पुरेसे बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात ते वाढले तर हृदयाची लय बिघडते. आजाऱ्याला भेटायला येणारे लोक शहाळी घेऊन येतात, त्या शहाळ्यांच्या पाण्यातही पोटॅशियम असते, म्हणून तीही विचारल्याशिवाय देऊ नयेत.

दोन सवयींविषयी मला जास्त कठोरपणे लिहावेसे वाटते. अंगात ताकद यावी म्हणून सलाइन लावून घेणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे सुजलेल्या माणसाने जवळपास दिवसभराचे मीठ थेट शिरेतून घेतल्यासारखे होते. दुसरी सवय ऊसतोडीच्या हंगामात कंबर-गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेण्याची. किडनीवर ताण असताना गुच्छाकडे येणारी रक्तवाहिनी सैल ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात, आणि या गोळ्या तीच द्रव्ये बंद पाडतात. वाहिनी आकसते, गाळणे मंदावते आणि मीठ अडकते. त्यात रुग्ण लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखे रक्तदाबाचे औषध घेत असेल, तर काही दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट झालेले मी पाहिले आहे. दुखण्यासाठी काय चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सहसा चालते.

टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल गटाविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण 'या गोळीने किडनी खराब होते' असे ऐकून लोक ती बंद करतात. ही औषधे गुच्छातून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात, त्यामुळे गुच्छातील दाब उतरतो, लघवीतून जाणारी प्रथिने कमी होतात आणि उरलेले नेफ्रॉन अधिक काळ टिकतात. दाब उतरल्याने सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. तीस टक्क्यांपर्यंतची स्थिर वाढ आम्ही सहसा मान्य करतो, मात्र पोटॅशियमवर लक्ष ठेवून.

पाणी किती, याचे सर्वांना लागू होणारे उत्तर नाही. किडनीच्या दीर्घ आजारात लघवी दाट करण्याची ताकद लवकर जाते. निरोगी किडनी दिवसभराचा कचरा अर्ध्या लिटर लघवीत बाहेर टाकू शकते, तर कमजोर किडनीला त्याच कचऱ्यासाठी दोन लिटर लागू शकतात. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते ते बऱ्याचदा यामुळे, आणि 'लघवी भरपूर होते म्हणजे किडनी चांगली' हा समज त्यामुळेच फसवा ठरतो. अशा रुग्णाला सूज नसेल आणि त्याचे पाणी उगाच तोडले, तर तो कोरडा पडून किडनी आणखी बिघडते. उलट बाजूला, लघवी पातळ करण्याची ताकदही कमी झालेली असते. अशा वेळी पाच लिटर पाणी आणि सोबत थायझाइडसारखी गोळी असेल, तर रक्तातील सोडियम १३५ च्या बरेच खाली घसरून गुंगी, बडबड, अगदी झटकेही येऊ शकतात. आपल्या वडिलांना आज सूज आहे, म्हणून आजचा दीड लिटरचा सल्ला मला योग्य वाटतो. पण सूज उतरल्यावर, किंवा मे महिन्यात अथणीकडच्या उन्हासारख्या उन्हात शेतात काम करताना तोच आकडा चालेल असे नाही. प्रत्येक भेटीत तो पुन्हा विचारून घ्यावा.

घरी करण्यासारखे सर्वांत उपयोगी काम म्हणजे रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहिणे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते मांस नव्हे, पाणी आहे, आणि पाय सुजण्याआधीच ते कळते. पुढच्या भेटीत रक्तातील सोडियम, पोटॅशियम आणि अल्ब्युमिन, लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे प्रमाण, किडनीची सोनोग्राफी आणि हृदयाचा इको यांविषयी डॉक्टरांना विचारावे. 'दोन प्लस' हा अंदाज असतो. लघवीतील अल्ब्युमिनचे ते प्रमाण मोजले की उपचाराने ते उतरते का हे पाहता येते. साखरेची तपासणी झाली नसेल तर तीही करावी.

जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल गटातली गोळी तात्पुरती थांबवायची का, हे विचारावे, कारण शरीर कोरडे पडत असताना याच गोळ्या अपाय करतात. आडवे झाल्यावर दम लागणे, लघवी एकदम खूप कमी होणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे किंवा हातपाय गळून जाणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांना मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि जाताना वजनाची वही आणि सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत.